शिंदीखालचे ताक

आपल्या सीमाभागातल्या घरात दोन भाषा एकाच चुलीवर शिजतात. सकाळी आई मराठीतून रागावते, दुपारी आजी कन्नडमधून समजूत घालते आणि संध्याकाळी मुले दोन्हींची भेसळ करून आपले काम साधून घेतात. याचे तोटे असतील ते असोत, पण एक फायदा नक्की आहे. आपल्याला म्हणी दुप्पट मिळतात! आमच्या घरी सौ. कलबुर्गीकडची आणि मी औरादकडचा, त्यामुळे म्हणींचा सामना रोजचाच असतो. काही म्हणींच्या बाबतीत मात्र दोन्ही पक्ष एकाच गोटात निघतात. त्यातली ही एक पाहा. कन्नडमध्ये म्हणतात, 'ईचल मरद केळगे कूतु मज्जिगे कुडिदंगे.' म्हणजे शिंदीच्या झाडाखाली बसून ताक प्यायल्यासारखे. मराठीत म्हणतात, ताडाखाली बसून दूध प्यायले तरी लोक ताडीच म्हणणार. तिकडे शिंदी आणि ताक, इकडे ताड आणि दूध. बदनामी मात्र तीच.

या म्हणीत सगळ्यांना कणव येते ती ताक पिणाऱ्याची. बिचारा सज्जन माणूस, उगाच बदनाम झाला! त्या झाडाचे काय, असे कोणी विचारत नाही. वाचकहो, आज मला त्या झाडाची बाजू मांडायची आहे.

शिंदी आपल्याला नवी नाही. ओढ्याच्या काठाला, तळ्याच्या बांधाखाली, पाणी साचणाऱ्या पडीक रानात ती आपोआप उगवते. मराठीत शिंदी, कन्नडमध्ये ईचलु, आणि जहीराबादच्या बाजूला गेलात की तेलुगूत ईत. तिच्या रसाला आपल्याकडच्या कन्नडमध्ये सेंदी म्हणतात, जुन्या हैदराबादी उर्दूत सेंधी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. काही तालुके कर्नाटकात राहिले, उदगीर-निलंग्याकडचा भाग मराठवाड्यात गेला आणि जहीराबादकडचा आंध्रात. माणसांची वाटणी झाली, शाळांची झाली, कचेऱ्यांची झाली. शिंदी मात्र तिन्हीकडे तशीच उभी राहिली, तीन नावांनी.

मागच्या पावसाळ्यात कॉलेजच्या आवारात लावण्यासाठी रोपे पाहायला मी एका रोपवाटिकेत गेलो होतो. तिथल्या पोराने उत्साहाने यादी वाचली, "सर, अरेका घ्या, बॉटल पाम घ्या, फॉक्सटेल घ्या." मी विचारले, "शिंदी आहे का?" तो हसायलाच लागला. "शिंदी कोण विकत घेतंय सर? नाल्यात जाऊन बघा की!" मग थोडे थांबून त्याने टेबलाखालून एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका काढली. "भारीतलं पाहिजे असेल तर हे बघा. सिल्व्हर डेट पाम. ऑर्डर दिली की मोठं झाडच येतं, क्रेननं उभं करून देतात. पण किंमत जास्त आहे." मी चित्र निरखून पाहिले. चंदेरी-हिरव्या झावळ्यांचा गोल डोलारा, खोडावर शंकरपाळ्यांसारखी खवल्यांची नक्षी. शंकाच नको, ती आपली नाल्यातली शिंदीच होती!

तिचे शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. सिल्व्हेस्ट्रिस म्हणजे रानातली. लिनियसने १७५३ साली तिची नोंद केली, पण वेगळ्या कुळनावाने. तिला खजुराच्या पंगतीत बसवले ते विल्यम रॉक्सबर्ग यांनी. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे काम पाहिलेला हा स्कॉटिश डॉक्टर. त्यांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात १८३२ साली छापून आला. म्हणजे आपली शिंदी ही खजुराची सख्खी बहीण. फळात गर कमी, बी मोठी, म्हणून ती गरीब राहिली इतकेच. अमेरिकेत फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये मात्र तिचे दिवस पालटले आहेत. तिथे तिला 'सिल्व्हेस्टर पाम' म्हणतात. रस्त्यांच्या मधोमध, हॉटेलांच्या दारात, पोहण्याच्या तलावांभोवती ती रांगेने उभी असते.

तिकडच्या लोकांना ती इतकी का आवडावी? दिसायला देखणी हे एक कारण. दुसरे कारण थंडी.

ताडामाडाची झाडे म्हणजे उष्ण प्रदेशाची, हे आपण शाळेत शिकलो. युरोपातल्या लोकांना या झाडांचे केवढे आकर्षण! पण थंडीपुढे इलाज नाही. म्हणून इंग्रजांनी लंडनजवळच्या क्यू उद्यानात लोखंड आणि काचेचा भलामोठा महाल बांधला. १८४८ साली तो पूर्ण झाला, आणि त्यात ऊब देऊन ही झाडे जगवली. गंमत अशी की पुढच्याच वर्षी रॉबर्ट फॉर्च्यून या माणसाने चीनमधून अशा एका पामची रोपे पाठवली, की ज्याला काचेच्या घराची गरजच नव्हती. ट्रॅकिकार्पस त्याचे नाव. बर्फ पडला तरी तो उघड्यावर उभा राहतो. आपल्या देशातही त्याचा एक भाऊ आहे. उत्तराखंडात कुमाऊँमधल्या पिथौरागढजवळच्या डोंगरात, दोन हजार मीटरच्या वर, हिवाळ्यात बर्फ झेलणारा 'टकील' पाम. इटलीच्या बेकारी या अभ्यासकाने १९०५ साली त्याचे वर्णन केले. बलुचिस्तानच्या उजाड डोंगरातला मझरी पाम तर उन्हाळ्यात होरपळतो आणि हिवाळ्यात गोठतो, तरी मरत नाही.

शिंदी या पहिलवानांच्या तोडीची नाही, पण तिचा नंबर वरचाच. जुने, मुरलेले झाड शून्याखाली पाच-सात अंशांपर्यंतची थंडी काही तास सोसते. त्यापलीकडे मात्र तिचाही नाइलाज होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात अचानक जी हिमलाट आली, तिच्यात शहरोशहरी पामची झाडे करपून गेली. त्यात आपल्या शिंद्याही होत्या.

आता आपल्याकडची थंडी पाहा. बिदर पठारावर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या वर वसलेले. डिसेंबर-जानेवारीत कर्नाटकातल्या सर्वांत थंड गावांची यादी पेपरात आली की बिदरचे नाव तिच्यात असतेच. कधीकधी पहाटे पारा दहाच्या बराच खाली जातो. मे महिन्यात तोच चाळिशी ओलांडतो. अशा हवेत आपण वास्तुशांतीला एकमेकांना भेट काय देतो? अरेका पाम! तो मूळचा मादागास्कर बेटावरचा, दमट हवेतला. आपली कोरडी हवा आणि बोअरचे क्षारांचे पाणी त्याला मानवत नाही. संक्रांतीपर्यंत त्याच्या पानांची टोके करपतात आणि घरातली बाई म्हणते, "आमच्या हाताला झाडच लागत नाही." बॉटल पामही परदेशातला, फॉक्सटेल ऑस्ट्रेलियाचा. पाहुण्यांचे स्वागत जरूर करावे. पण घरची लेक दाराबाहेर उभी आहे, तिच्याकडे कोण पाहणार?

थंडीशी शिंदीचे नाते जुने आहे. बंगालमध्ये ऐन हिवाळ्यात याच झाडाचा रस काढतात. पहाटेच्या गारव्यात रस लवकर आंबत नाही, गोड राहतो. तो आटवून केलेला 'नोलेन गूळ' म्हणजे बंगाली माणसाचा जीव की प्राण. तिथल्या संदेशात आणि पायसात तो पडल्याशिवाय हिवाळा साजरा होत नाही. तीच शिंदी, तोच रस; तिकडे त्याचा गूळ झाला, आपल्याकडे सेंदी झाली. दोष झाडाचा की आपला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि आपल्याकडे या झाडावर कुऱ्हाड पडली तीही काही वेळा मोठ्या कारणासाठी. निजामाच्या राजवटीत अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. शिंदीच्या झाडांवर आणि दुकानांवर सरकारचा डोळा असे. १९४७ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा पुकारला, तेव्हा निजामाची तिजोरी रिकामी करण्यासाठी शिंदीची झाडे तोडणे हा सत्याग्रहाचाच एक भाग होता. त्याआधी १९३९ साली म्हैसूर संस्थानात, चित्रदुर्गाजवळच्या तुरुवनूर इथेही ईचलाची झाडे तोडून सत्याग्रह झाला होता. माझे आजोबा त्या सत्तेचाळीसच्या पिढीतले. "एका रात्रीत आम्ही ओढ्याची एक अख्खी बाजू मोकळी केली," असे ते अभिमानाने सांगत, आणि तो अभिमान खराच होता. पण सांगून झाल्यावर ते कधीकधी एक वाक्य पुढे जोडत, "झाडाचा काय दोष रे? पण तेव्हा दुसरा मार्ग नव्हता."

आजोबांची पिढी गेली. निजामही गेला. नंतर शिंदी गेली ती मात्र कोणत्याही सत्याग्रहाशिवाय. सेंदीची दुकाने आपल्या भागात २००० च्या दशकात बंद झाली. दारू बंद झाल्याचे दुःख मला नाही. किती संसार तिने धुळीला मिळवले हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पण झाडावर चढणाऱ्या ईडिग कुटुंबांचा धंदा गेला आणि त्याबरोबर झाडाचा राखणदारही गेला. ज्या झाडापासून कोणाला काही मिळत नाही, ते वाचवणार कोण? नाला सरळ करताना जेसीबी आला, शिंदी गेली. बांध पेटवला, शिंदी गेली. शेत आणखी चार फूट पुढे सरकले, शिंदी गेली. गंमत म्हणजे सीमेपलीकडे तेलंगणात २०१५ साली 'हरित हारम' ही वृक्षलागवड सुरू झाली, तेव्हा तिच्यात ईत आणि ताडाची रोपे मुद्दाम धरली गेली. तळ्यांच्या बांधांवर ती लावली, कारण तिथे गौड मंडळींचा धंदा चालू आहे. एकच माती, एकच पाऊस. रेषेच्या अलीकडे तोडणे आणि पलीकडे लावणे.

पण अलीकडेही कोणाला काहीच मिळत नाही, हे तरी खरे आहे का? दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो. तिला हळदकुंकू वाहतो, तिलाच लक्ष्मी म्हणतो. ती लक्ष्मी शिंदीच्या पानांची असते. आमच्या गल्लीत दर वर्षी केरसुण्या घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत. सौ. त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलते, मी मराठीत. मावशी दोघांनाही एकाच दमात उत्तर देतात. गेल्या दिवाळीला त्यांच्या डोक्यावरचा भारा अर्धाच होता. "पानं मिळंनात बघा सर. पूर्वी गावच्या वढ्यातच भागायचं. आता दोन गावं पालथी घालावी लागतात. एवढ्या लांब जाऊन पान आणायचं आणि लोक म्हणतात, प्लास्टिकचा झाडू टिकतो की!" मी सहज म्हणालो, "मग शिंदी लावायची." त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "लावलेली शिंदी कुणी बघितलीय का सर? ती आपली आपण येती."

ती आपली आपण येते, हाच आपल्या सगळ्यांचा समज आहे. आंबा लावायचा असतो, नारळ लावायचा असतो, कडुलिंबसुद्धा आता लावतात. शिंदी मात्र येते. ती येणे आता थांबत चालले आहे. म्हणून तिला लावायला शिकले पाहिजे, तेही बियांपासून, कारण हिला फांदी नाही की कलम नाही. हे काम गेल्या काही वर्षांपासून मी घराच्या मागच्या अंगणात करतो आहे. रीत अगदी सोपी आहे. त्यात खर्च नाही, पण सबुरी लागते.

फळे पिकतात ती साधारण मृगाच्या आगेमागे. आपल्याकडे कारहुणवीला बैल सजतात, आणि त्याच ज्येष्ठ पौर्णिमेला बायका वडाला फेऱ्या घालतात. तो दिवस लक्षात ठेवा. तेव्हा शिंदीचे घड पिवळे-नारिंगी होऊन तांबूस-काळपट पडायला लागलेले असतात. झाडाखाली गळलेली, मऊ झालेली फळे वेचावीत. सगळी एकाच झाडाची न घेता चार-पाच झाडांची घ्यावीत. मुलांना बरोबर न्यावे. ईचल हण्णु तोंडात टाकून गर चघळायचा आणि बी थुंकायची, हे काम त्यांच्याइतके आनंदाने कोणी करणार नाही.

बियांवर गर ठेवू नये. गर राहिला की बुरशी येते, मुंग्या लागतात. फळे दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून गोणपाटावर खसखसा चोळली की बी स्वच्छ निघते. खजुराच्या बीसारखीच ती दिसते, आकाराने लहान, एका बाजूला लांब खाच. पाण्यावर तरंगणाऱ्या बिया बहुधा पोकळ असतात, त्या काढून टाकाव्यात. उरलेल्या पुन्हा एक-दोन दिवस साध्या पाण्यात ठेवाव्यात आणि पाणी रोज बदलावे. बी जितकी ताजी तितकी चांगली. डब्यात भरून 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नये.

आता पिशवी. इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ज्वारीचा किंवा हरभऱ्याचा कोंब बियांपाशीच वर येतो. शिंदीचे तसे नाही. बीतून आधी एक पांढरी, खिळ्यासारखी नळी निघते आणि ती सरळ खाली जमिनीत घुसते. तिच्या टोकाशी, बीपासून दूर, मूळ आणि कोंब तयार होतात. मग कोंब वर येतो. पाणी कमी असलेल्या रानातल्या झाडाची ही हुशारी आहे. पिल्लाला आधी ओलाव्यापर्यंत पोचवायचे, मग उजेडात आणायचे! म्हणून पसरट कुंडी उपयोगाची नाही. निदान फूटभर उंचीची पिशवी हवी. ती नसेल तर सरबताच्या दोन लिटरच्या बाटलीचा गळा कापावा आणि बुडाला भोके पाडावीत. तेलाचा डबाही चालतो. भरायला तांबडी माती, वाळू आणि पुरते कुजलेले शेणखत, तिन्ही सारखे. नुसती काळी माती घालू नये, ती पाणी धरून ठेवते आणि बी कुजते.

बी आडवी ठेवून बोटाच्या पेराएवढी खोल दाबावी. माती ओलसर असावी, चिखल नको. जूनमधली आपली उबदार हवा तिला मानवते. महिना ते तीन महिन्यांत कोंब दिसतो. या काळात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आपली उत्सुकता. माती उकरून 'आली का, आली का' पाहायला गेलात तर ती नाजूक नळी तुटते. एकाच वेळी पेरलेल्या बियांतली एक श्रावणात उगवेल, दुसरी नवरात्रात. दोघींनाही घाई नसते, आपणही करू नये.

पहिले पान येते ते अगदी गवताच्या पात्यासारखे, एकच, सरळ. झावळीचा मागमूस नसतो. आमच्या सासूबाई कलबुर्गीहून आल्या होत्या. मी सकाळी झारी घेऊन रांगेने पिशव्यांना पाणी घालताना त्यांनी दोन दिवस पाहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. "ई हुल्लिगे याक नीर हाकतीरी?" या गवताला कशाला पाणी घालता? मी म्हटले, "अव्वा, हे गवत नाही, ईचलु आहे." त्यावर त्या सौ.कडे वळून जे हळू आवाजात बोलल्या ते छापण्यासारखे नाही. पण जावयाने आता सेंदीचे दुकान काढायचे ठरवले की काय, असा एकूण सूर होता. म्हण उगाच पडली नाही!

पहिल्या वर्षात दोन-तीन पातीच येतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पान चिरायला लागते आणि मग कुठे झावळीचा आकार दिसतो. खोड दिसायला आणखी काही वर्षे जातात. ज्यांना पुढच्या महिन्यात बंगल्याचा फोटो काढायचा आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये. पण पहिलीतल्या मुलाच्या हातून बी लावली तर तो दहावीला जाईपर्यंत झाड त्याच्या बरोबरीने उभे राहते, हे काही थोडे नाही.

हिवाळ्याबद्दल दोन शब्द. लोकांना वाटते थंडी झाडाला मारते. आपल्याकडची थंडी शिंदीला मारत नाही, थंडीतले पाणी मारते. दिवाळीनंतर रोपाची वाढ मंदावते, तेव्हा पाणी निम्म्यावर आणावे. संध्याकाळी न घालता सकाळी ऊन चढल्यावर घालावे, आणि शेंड्यात पाणी साचू देऊ नये. कारण या झाडाचा जीव शेंड्यात असतो. आंब्याची फांदी तुटली तर दुसरी फुटते. शिंदीला एकच शेंडा. तो कुजला की झाड संपले. त्यासाठीच हिवाळ्यापूर्वी 'स्वच्छता' म्हणून सगळी पाने छाटू नयेत. ती पाने म्हणजे शेंड्याची घोंगडी आहे. खालची वाळलेली तेवढी काढावीत. केरसुणीसाठी पाने घेतानाही हाच नियम. बाहेरची घ्यावीत, मधला कोंब सोडावा. मावशींना हे सांगायला गेलो तर त्याच म्हणाल्या, "आमच्या सासूनं शिकवलंय ते. गाईचं दूध काढतानाबी वासराला ठेवावं लागतं."

दोन वर्षांचे रोप पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीत लावावे. मुळांभोवतीची माती फुटू देऊ नये. जागा उन्हाची हवी, आणि भिंतीपासून निदान दहा-बारा फूट दूर, कारण डोलारा मोठा होतो. दाराच्या अगदी जवळ किंवा मुलांच्या खेळण्याच्या वाटेवर लावू नये. पानांच्या बुडाशी सुईसारखे काटे असतात, डोळ्यांना धोका असतो. गेंडा भुंगा आणि सोंड्या भुंगा हे नारळाचे शत्रू हिचेही शत्रू आहेत. शेणखताचा ढीग झाडाजवळ ठेवू नये, गेंडा भुंग्याची पिलावळ त्यातच वाढते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शिंदीत नर वेगळा, मादी वेगळी. बी पाहून, रोप पाहून काही कळत नाही. पहिला फुलोरा येईपर्यंत थांबावे लागते. या बाबतीत इस्रायलमधली एक खरी गोष्ट सांगण्यासारखी आहे. मसादा या जुन्या किल्ल्याच्या उत्खननात खजुराच्या बिया मिळाल्या होत्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यातली एक २००५ साली तिथल्या एका बाईंनी पेरली आणि ती चक्क उगवली! इतके करून झाड निघाले नर. मग त्यांनी दुसऱ्या ठिकाणच्या तशाच जुन्या बिया पेरल्या, त्यातून मादी मिळाली, आणि २०२० साली तिला पहिले खजूर लागले. दोन हजार वर्षे ज्यांनी वाट पाहिली त्यांच्यापुढे आपली सहा-सात वर्षे ती काय! म्हणून एकच रोप लावू नका, चार-पाच लावा. नर असला तरी नाराज होऊ नका. झावळी त्यालाही तितकीच सुंदर येते, केरसुणी त्याच्याही पानांची होते, आणि सुगरण पक्षी, आपला गीजगन हक्कि, घरटे टांगताना नर-मादी पाहत नाही.

कॉलेजच्या आवारात आता आठ रोपे जमिनीत गेली आहेत. त्यांच्यामागे कोणाचा निधी नाही की फलक नाही. मुलांनी पिशव्या भरल्या, शिपाईमामांनी कुंपण घातले. एका मुलाने विचारले, "सर, हे मोठं झाल्यावर लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "म्हणू देत. आपण खाली बसून खुशाल ताक पिऊ."

पण कॉलेजच्या आठ झाडांनी काही होणार नाही. बन व्हायचे तर ते ओढ्यालाच व्हायला हवे. आपल्या प्रत्येकाच्या गावाला एक ओढा आहे, एक तळे आहे, त्याच्या बांधाखाली कोणाच्याच सातबाऱ्यात किंवा पहाणीत न येणारी थोडी ओली जागा आहे. पंचायतीला विचारून तिथे पन्नास बिया टोचल्या तर दहा तरी जगतील. पिशवीचीही गरज नाही. पहिला मोठा पाऊस झाला की खुरप्याने भोक पाडायचे, बी टाकायची, काट्याची फांदी वर ठेवायची. आणि जे झाड मोठे होईल त्याच्या बाहेरच्या पानांवर गावातल्या केरसुणी करणाऱ्यांचा हक्क आहे, हे पंचायतीच्या ठरावात आधीच लिहून घ्यायचे. राखणदार मिळाला की झाड टिकते.

तोवर हात शिवशिवत असतील तर घरी खजूर खाल्ल्यावर बी फेकू नका. तीही याच रीतीने उगवते, मुलांचा सराव होतो. खरी पेरणी पुढच्या ज्येष्ठ पौर्णिमेला. बैलांना रंग लावून झाला, वडाला दोरा गुंडाळून झाला की दुपारी मुलांना घेऊन ओढ्याकडे चला. जाताना एक पिशवी घ्या आणि पायात जाड चपला घाला. काटे फार असतात.